२ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, लिनक्सचा पेनड्राइव्ह बूटच होत नाहीये, मदत हवी

पेठेतला_अभ्यासू:

नमस्कार मंडळी. मी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहतो, राज्यसेवेचा अभ्यास चालू आहे आणि सोबत लिपिक टंकलेखकची पण तयारी करतोय. मोबाइलवर पीडीएफ वाचून वाचून डोळे दुखायला लागले म्हणून गेल्या महिन्यात एका सीनियरकडून त्याचा जुना लॅपटॉप साडेचार हजाराला घेतला. ११ इंची आहे, प्रोसेसर ॲटम झेड३७३५एफ, रॅम २ जीबी, स्टोरेज ३२ जीबी, वर विंडोज १०. चालू व्हायलाच पाच-सात मिनिटं घेतो, ब्राउझर उघडला की सगळं थांबतं, अपडेट करायला गेलो तर जागा नाही म्हणतो, आणि तसंही विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपलाय. अभ्यासिकेतला एक मित्र म्हणाला लिनक्स टाक, हलकं चालतं.

म्हणून लुबुंटू या हलक्या लिनक्सची ६४ बिट आयएसओ फाइल उतरवली, रुफस सॉफ्टवेअरने त्याचा बूट होणारा पेनड्राइव्ह बनवला, लॅपटॉपला लावून रीस्टार्ट केलं, तर बूट मेनूत फक्त विंडोज बूट मॅनेजर दिसतं, पेनड्राइव्हचं नावच येत नाही. सिक्युअर बूट बंद केलंय. फास्ट स्टार्टअप बंद केलंय. दोन्ही यूएसबी पोर्टला लावून बघितलं. पेनड्राइव्ह खराब असेल म्हणून तापकीर गल्लीतून नवीन आणला, त्याचंही तेच. आणि गंमत नाही पण हाच पेनड्राइव्ह रूममेटच्या लॅपटॉपला लावला तर लगेच लुबुंटू चालू होतं, अगदी डेस्कटॉपपर्यंत. तीन रात्री यात गेल्यात, अभ्यास बाजूला राहिलाय. कुणी केलंय का असल्या लॅपटॉपवर?

पेनड्राइव्हवाला:

बायोसमध्ये जाऊन लेगसी सपोर्ट किंवा सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) असं काहीतरी असेल ते ऑन कर, आणि रुफसमध्ये पार्टिशनचा प्रकार जीपीटीच्या ऐवजी एमबीआर घे. माझ्या जुन्या लॅपटॉपला असंच झालं होतं, एवढं केल्यावर चालू झालं.

वडगावकर:

साडेचार हजार गेलेच आहेत तर अजून हजार-बाराशे घालून एसएसडी टाकून घे ना भावा, विंडोजपण पळेल. माझ्याकडं १० वर्षं जुना लॅपटॉप आहे, एसएसडी टाकल्यापासून नव्यासारखा.

लॅबवाली_ताई:

वडगावकर, सल्ला एरवी बरोबर आहे, पण या मशीनमध्ये एसएसडी लावायला जागाच नसते. ३२ जीबी म्हणजे ईएमएमसी, मोबाइलमध्ये असते तशी चिप, थेट बोर्डवर सोल्डर केलेली. रॅमपण तशीच. त्यामुळे यात वाढवता काहीच येत नाही, जे आहे त्यात भागवायचं. अभ्यासू, दुकानात नेऊन एसएसडीसाठी खोलू नकोस, बॅटरीची रिबन उगाच तुटेल.

पेठेतला_अभ्यासू:

दादा लेगसीचा ऑप्शन शोधला, सगळे टॅब दोनदा बघितले, नाहीचे. फक्त यूएसबी बूट एनेबल आहे आणि सिक्युअर बूट. एमबीआर करून पण बघितलं, काही फरक नाही.

जुनं_ते_चालू:

अभ्यासू, तुमची पोस्ट वाचून मला जवळपास खात्री झालीय काय झालंय ते, पण आधी दोन गोष्टी बघून सांगा म्हणजे अंदाजावर काम नको. पहिली, विंडोजमध्ये असतानाच स्टार्टमध्ये एमएसइन्फो३२ टाइप करून सिस्टम इन्फर्मेशन उघडा आणि तिथं सिस्टम टाइपच्या पुढे एक्स८६ लिहिलंय का एक्स६४ ते बघा, आणि खाली बायोस मोड यूईएफआय (बायोसची नवी पद्धत) आहे का ते. दुसरी, पेनड्राइव्ह विंडोजमध्ये उघडा, त्यात ईएफआय नावाचा फोल्डर असेल, त्याच्या आत बूट नावाचा. त्यात कुठल्या कुठल्या फाइल आहेत त्यांची नावं द्या.

हाच पेनड्राइव्ह दुसऱ्या लॅपटॉपवर चालला हे तुम्ही लिहिलंत ते फार उपयोगाचं आहे. त्यामुळे पेनड्राइव्ह आणि आयएसओ दोन्ही चांगले आहेत हे कळलं, आता नवीन पेनड्राइव्हवर पैसे घालवू नका.

पेठेतला_अभ्यासू:

सर बघितलं. सिस्टम टाइप एक्स८६ बेस्ड पीसी, बायोस मोड यूईएफआय. पेनड्राइव्हच्या त्या फोल्डरमध्ये तीन फाइल आहेत, बूटएक्स६४, ग्रबएक्स६४ आणि एमएमएक्स६४, तिन्हींच्या शेवटी डॉट ईएफआय.

पण प्रोसेसर तर ६४ बिटचा आहे ना? इंटरनेटवर तसंच लिहिलंय. मग विंडोज एक्स८६, म्हणजे ३२ बिटचं, का टाकलंय यात?

जुनं_ते_चालू:

हां, मग तेच आहे. प्रोसेसर ६४ बिटचाच आहे, तुम्ही बरोबर वाचलंय. पण त्या बोर्डवरचं फर्मवेअर, म्हणजे ज्याला आपण सवयीने बायोस म्हणतो ते, ते ३२ बिटचं आहे. २०१४-१५ च्या सुमाराला तुमच्यासारख्या बे ट्रेल पिढीच्या ॲटम प्रोसेसरवर खूप स्वस्त लॅपटॉप आणि टॅब्लेट निघाले, २ जीबी रॅम आणि ३२ जीबी स्टोरेज असलेले, आणि एवढ्याशा जागेत मावावं म्हणून त्यात विंडोज ३२ बिटचं घालून द्यायचे. आता विंडोजची अट अशी की यूईएफआयमधून बूट व्हायचं तर फर्मवेअर आणि विंडोज दोन्ही सारख्याच बिटचे पाहिजेत, म्हणून बनवणाऱ्यांनी फर्मवेअरपण ३२ बिटचं ठेवलं. मी तुम्हाला एक्स८६ बघायला सांगितलं ते याचसाठी, यूईएफआय मोडमध्ये ३२ बिटचं विंडोज चालतंय याचा अर्थ फर्मवेअर ३२ बिटचंच, दुसरा अर्थ निघतच नाही.

आता पेनड्राइव्ह का दिसत नाही ते. फर्मवेअर पेनड्राइव्हवर ठरलेल्या एकाच जागी बघतं, ईएफआय फोल्डरच्या आत बूट फोल्डर, आणि तिथं ते स्वतःच्या जातीची फाइल शोधतं. ६४ बिटचं फर्मवेअर बूटएक्स६४ शोधतं, ३२ बिटचं बूटआयए३२ शोधतं. तुमच्या पेनड्राइव्हवर आयए३२ वाली फाइलच नाही, म्हणून तुमच्या लॅपटॉपच्या दृष्टीने तो पेनड्राइव्ह नुसता गाणी भरून आणल्यासारखा आहे, त्यात बूट करण्यासारखं काहीच नाही. रूममेटच्या लॅपटॉपचं फर्मवेअर ६४ बिटचं, त्याला त्याची फाइल मिळाली, तो चालू झाला. आणि लेगसीचा ऑप्शन या मशीनना नसतोच, त्यामुळे तो रस्ता बंद.

घाबरू नका, ३२ बिटचं लिनक्स टाकायची गरज नाहीये. फक्त पहिला दरवाजा ३२ बिटचा पाहिजे, म्हणजे ग्रब, लिनक्स सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम, आणि मग ग्रब खुशाल ६४ बिटचा कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, चढवतो. लिनक्स कर्नलमध्ये ३.१५ पासून, म्हणजे २०१४ पासून, याची सोय आहे, मिक्स्ड मोड म्हणतात त्याला.

मी स्वतः असल्याच एका मशीनवर डेबियन १२ नावाचं लिनक्स टाकलंय आणि ते रोज वापरात आहे म्हणून तुम्हाला तेच सांगतो. डेबियन १२ ची एएमडी६४ नेटइन्स्ट आयएसओ घ्या. नावात एएमडी आहे म्हणून गोंधळू नका, इंटेलच्या ६४ बिटलाही तेच नाव. उतरवल्यावर पेनड्राइव्ह करायच्या आधी आयएसओवर डबल क्लिक करून उघडा आणि ईएफआयच्या आत बूटमध्ये बूटआयए३२ आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ही सवय लावून घ्या, पुढं कुठलंही दुसरं लिनक्स घेतलंत तरी याच फाइलवरून आधीच कळेल की चालणार का नाही, रात्र जागावी लागणार नाही.

करायच्या आधी तुमच्या नोट्स, फोटो, पीडीएफ सगळं दुसरीकडं काढून ठेवा. ३२ जीबीत दोन सिस्टम शेजारी शेजारी नांदत नाहीत, विंडोज पूर्ण पुसावं लागेल. विंडोजची लायसन्स की मदरबोर्डवरच्या फर्मवेअरमध्येच साठवलेली असते त्यामुळे ती हरवत नाही, पण रिकव्हरी पार्टिशन जाईल, ते मनाशी पक्कं करूनच पुढं जा.

लॅबवाली_ताई:

यात माझी थोडी भर. आमच्या शाळेच्या लॅबमध्ये याच प्रोसेसरची आठ मशीन आहेत, सगळ्यांवर मी हेच केलंय, त्यामुळे कुठं अडतं ते पाठ झालंय.

इन्स्टॉल करताना डिस्क निवडायची वेळ येते तिथं एसडीए वगैरे नाव शोधू नकोस, ईएमएमसीचं नाव एमएमसीबीएलके आणि पुढं शून्य किंवा एक असं असतं. त्याच नावाच्या शेपटीला बूट० आणि बूट१ जोडलेल्या दोन अगदी छोट्या, काही एमबीच्या डिस्कपण दिसू शकतात. त्यांना हात लावायचा नाही. ३० जीबीच्या आसपास दिसेल ती तुझी. पार्टिशन ऑटोमॅटिक करू दे, सगळं एकाच पार्टिशनमध्ये असं निवड, होम वेगळं काढलंस तर एवढ्याशा जागेत एक बाजू भरून जाईल आणि दुसरी रिकामी पडून राहील.

दुसरं, नेटइन्स्टला इंटरनेट लागतं. डेबियन १२ पासून वाय-फायचं फर्मवेअर आयएसओमध्येच असतं, त्यामुळे बहुतेक चालेल, नाही चाललं तर फोन केबलने लाव आणि यूएसबी टेदरिंग सुरू कर, इन्स्टॉलरला ते साधं नेटवर्क कार्ड म्हणून दिसतं. पण रोजच्या दीड जीबीच्या प्लॅनवर नको करूस, मध्येच डेटा संपला तर अर्धवट राहील. वाय-फाय असेल तिथं बसून कर.

डेस्कटॉप विचारेल तिथं एलएक्सक्यूटी किंवा एक्सएफसीई यातलं एकच ठेव, बाकीच्या खुणा काढ. ग्नोम या रॅमवर नको, आमच्या मुलांना फाइल उघडायला वाट बघत बसावं लागायचं.

आणि भाषा निवडताना मराठी पण असते त्यात. पहिल्यांदा करतोयस तर इंग्रजीच ठेव, म्हणजे काही अडलं तर इथं मेसेज जसाच्या तसा लिहिता येईल. मराठी कीबोर्ड नंतर जोडता येतो.

पेठेतला_अभ्यासू:

ताई आणि सर, खरंच खूप आभार. आज संध्याकाळी रूममेटच्या लॅपटॉपवर पेनड्राइव्ह बनवला, आयएसओमध्ये बूटआयए३२ होती, आणि या वेळी बूट मेनूत पेनड्राइव्हचं नाव आलं!! तीन रात्रीनंतर ते नाव बघून इतकं बरं वाटलं की काय सांगू. मित्राच्या घरी कर्वेनगरला त्यांच्या वाय-फायवर बसून इन्स्टॉल केलं, दोन तास लागले, एलएक्सक्यूटी घेतलं, शेवटी इन्स्टॉलेशन कम्प्लीट आलं, पेनड्राइव्ह काढायला सांगितला, काढला, रीस्टार्ट झालं.

आणि आता नो बूटेबल डिव्हाइस. निळ्या चौकटीत एवढंच येतं आणि खाली ओके. ओके दाबलं की परत तेच. बायोसमध्ये गेलो तर बूट ऑर्डरमध्ये पहिल्या नंबरला डेबियन लिहिलेलं दिसतंय पण तरी बूट होत नाही, आणि एकदा तर बंद करून चालू केल्यावर ते डेबियन नावपण यादीतून गेलं. विंडोज तर पुसलंय. आता काहीच नाहीये लॅपटॉपमध्ये. प्लीज कुणीतरी सांगा, परत सगळं करावं लागेल का?

पेनड्राइव्हवाला:

इन्स्टॉल नीट झालं नसेल, परत एकदा पहिल्यापासून करून बघ, मीपण दुसऱ्यांदा केल्यावर झालं होतं.

लॅबवाली_ताई:

नाही नाही, परत करू नकोस, दोन तास अजून घालवून हेच दिसेल. तुझं इन्स्टॉल व्यवस्थित झालंय, सगळं डिस्कवर आहे. अडचण एवढीच आहे की फर्मवेअरला ते सापडत नाहीये.

नीट लक्ष देऊन वाच म्हणजे आपण काय करतोय ते कळेल. डेबियन आपला ग्रब ईएफआय पार्टिशनवर डेबियन नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं आणि फर्मवेअरच्या स्वतःच्या आठवणीत, म्हणजे एनव्हीरॅममध्ये, एक नोंद करतं की मी अमुक ठिकाणी आहे. चांगलं फर्मवेअर ती नोंद वाचतं आणि तिथं जातं. काही स्वस्त मशीनचं फर्मवेअर ही नोंद नीट जपतच नाही, कधी विसरतं, कधी नोंद असून तिच्याकडे बघत नाही. तुझ्या यादीतून डेबियन गायब झालं ते यामुळेच. असलं फर्मवेअर एकच जागा बघतं, तीच जी सरांनी पेनड्राइव्हच्या वेळी सांगितली, बूट फोल्डरमधली बूटआयए३२. म्हणजे पेनड्राइव्हसाठी जो नियम होता तोच आतल्या ईएमएमसीला लावायचा.

डेबियनवाल्यांना हे माहीत आहे म्हणून त्यांनी सोय ठेवलीय. तोच पेनड्राइव्ह लावून बूट कर, मेनूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा, तिथं रेस्क्यू मोड निवड. भाषा, कीबोर्ड, नेटवर्क असं सगळं परत विचारेल, नेटवर्क इथं सोडून दिलंस तरी चालेल. मग विचारेल रूट फाइल सिस्टम कुठलं, तिथं तुझ्या एमएमसीबीएलकेच्या पार्टिशनांची यादी येईल, बहुतेक पी१ ईएफआयचं असेल आणि पी२ तुझं डेबियन, पी२ घे. ईएफआय पार्टिशन वेगळं माउंट करू का विचारलं तर हो म्हण. त्यानंतर जो मेनू येईल त्यात फोर्स ग्रब इन्स्टॉलेशन टू द ईएफआय रिमूव्हेबल मीडिया पाथ असा लांबलचक पर्याय असेल. नाव रिमूव्हेबल असलं तरी बिचकू नकोस, आपल्याला तेच हवंय. तो चालव, संपलं की पेनड्राइव्ह काढून रीबूट.

आमच्या आठपैकी पाच मशीनना हे करावं लागलं होतं. उरलेली तीन तशीच चालली, एकाच कंपनीची एकाच दिवशी आलेली मशीन असून. त्यामुळे तुझं काही चुकलं असं अजिबात समजू नकोस.

पेठेतला_अभ्यासू:

ताई ग्रब आला!!! निळसर मेनू आला, डेबियन जीएनयू लिनक्स असं लिहिलेलं. पाच सेकंदांनी आपोआप पुढं गेलं, दोन-तीन ओळी पळाल्या आणि मग स्क्रीन काळी. पूर्ण काळी. कॅप्स लॉक दाबलं की त्याचा लाइट लागतो आणि बंद होतो. २० मिनिटं तसंच ठेवलं, काही नाही. पॉवर बटण दाबून बंद केलं, परत तेच.

जुनं_ते_चालू:

कॅप्स लॉकचा दिवा लागतोय म्हणजे मशीन जिवंत आहे, अडकलेलं नाही, हे तुम्ही बघितलंत ते छान केलंत. आता अजून एक बघा. खोलीतला लाइट बंद करा, स्क्रीन काळी झाल्यावर मोबाइलचा टॉर्च स्क्रीनला अगदी जवळून तिरका धरा आणि आत काही पुसट अक्षरं किंवा लॉगिनची चौकट दिसते का बघा.

काळी स्क्रीन म्हटलं की लोक लगेच ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदला सांगतात, पण काळ्या स्क्रीनमध्ये दोन प्रकार असतात. एकात चित्रच तयार होत नाही. दुसऱ्यात चित्र तयार असतं पण मागचा दिवा, बॅकलाइट, विझलेला असतो. दोन्हींचा उपाय वेगळा.

पेठेतला_अभ्यासू:

दिसलं!! टॉर्च धरला तर आत लॉगिनची चौकट आहे, माझं युजरनेम पण आहे. न बघता पासवर्ड टाकून एंटर मारलं आणि परत टॉर्च धरला तर डेस्कटॉप दिसतोय, खाली पट्टी आहे. रूममेटला दाखवलं, तोपण बघतच राहिला. म्हणजे सगळं चालू आहे फक्त अंधार आहे??

जुनं_ते_चालू:

अगदी बरोबर. तुमचं लिनक्स पूर्ण बूट होतंय, नुसता दिवा लागत नाहीये.

कारण सांगतो. या बे ट्रेल मशीनमध्ये बॅकलाइटचा उजेड पीडब्ल्यूएम नावाच्या सर्किटमधून कमी-जास्त होतो आणि त्याचा ड्रायव्हर वेगळा आहे. ग्राफिक्सचा ड्रायव्हर, आय९१५, बूट होताना लवकर चढतो आणि बॅकलाइटचा ताबा घ्यायला बघतो, तेव्हा पीडब्ल्यूएमचा ड्रायव्हर अजून आलेलाच नसतो. मग आय९१५ दिव्याशिवायच पुढं जातो. म्हणजे हा सगळा क्रमाचा घोळ आहे, पीडब्ल्यूएमवाला आधी यायला पाहिजे.

पण ते दुरुस्त करायला आधी स्क्रीन दिसायला हवी. म्हणून आत्तापुरतं असं करा. ग्रबचा मेनू आला की पाच सेकंदांच्या आत खालीवर बाण दाबा म्हणजे तो थांबेल, मग ई दाबा. चार-सहा ओळींचा मजकूर उघडेल, त्यात लिनक्स या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ आहे, तिच्या शेवटी क्वाएट लिहिलेलं असेल. क्वाएट खोडा आणि त्याच्या जागी नोमोडसेट लिहा, इंग्रजीत, सगळी अक्षरं लहान, मध्ये स्पेस नाही, एन ओ एम ओ डी ई एस ई टी. मग एफ१० किंवा कंट्रोल एक्स. क्वाएट काढल्यामुळे बूट होताना सगळ्या ओळी दिसतील, ते चांगलंच आहे, कुठं अडलं तर शेवटची ओळ वाचता येते. हा बदल फक्त त्या एका बूटपुरता असतो, चुकलं तरी काही बिघडत नाही, पुढच्या वेळी जुनंच येईल.

नोमोडसेटने आय९१५ चढतच नाही, फर्मवेअरने लावून दिलेल्या साध्या डिस्प्लेवर काम चालतं, दिवा तसाच लागलेला राहतो. पण तसंच कायम ठेवू नका. व्हिडिओ अडखळतो, ब्राइटनेस बदलता येत नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो आणि तो बिचारा आधीच लहान आहे. बरेच लोक नोमोडसेटने स्क्रीन आली की तिथंच थांबतात आणि मग म्हणतात लिनक्स स्लो आहे.

तर स्क्रीन आली की टर्मिनल उघडून रूट (लिनक्सचा ॲडमिन) होऊन ईटीसी फोल्डरच्या आत इनिटरॅमएफएस-टूल्स फोल्डर आहे, त्यातली मॉड्यूल्स नावाची फाइल नॅनो एडिटरने उघडा आणि शेवटी दोन ओळी टाका, एका ओळीत पीडब्ल्यूएम-एलपीएसएस, दुसऱ्या ओळीत पीडब्ल्यूएम-एलपीएसएस-प्लॅटफॉर्म, दोन्ही इंग्रजीत लहान अक्षरांत, मध्ये साधा डॅश. सेव्ह करा. मग अपडेट-इनिटरॅमएफएस ही कमांड डॅश यू लावून चालवा, मिनिटभर लागेल, आणि रीबूट. या वेळी ग्रबमध्ये काही बदलू नका, साधंच बूट होऊ द्या.

लॅबवाली_ताई:

सर, हे मला नव्हतं माहीत. आमची दोन मशीन मी दीड वर्ष नोमोडसेटवरच चालवतेय, ब्राइटनेस कमी होत नाही म्हणून मुलं तक्रार करतात. सोमवारी शाळेत गेले की पहिलं हेच करते.

पेठेतला_अभ्यासू:

झालं सर. उजेड आला. ब्राइटनेसची बटणंपण चालतात.

ग्रबमध्ये नोमोडसेट टाकताना पहिल्यांदा स्पेलिंग चुकलं होतं, एक टी राहिला होता, परत काळी स्क्रीन आली, तुम्ही चुकलं तरी बिघडत नाही लिहिलं होतं म्हणून घाबरलो नाही.

आता दोन गोष्टी विचारायच्यात. बूट होताना एका ठिकाणी अ स्टार्ट जॉब इज रनिंग फॉर, पुढं डिस्कचा काहीतरी लांब नंबर, आणि घड्याळ चालू होतं १ मिनिट ३० सेकंदांचं, ते पूर्ण झाल्याशिवाय पुढं जात नाही. आणि दुसरं, काल लेक्चर बघताना मध्येच अख्खा लॅपटॉप गोठला, माउस पण हलेना, बंद करून चालू करावा लागला.

जुनं_ते_चालू:

दीड मिनिटाचं आधी. ईटीसीमध्ये एफएसटॅब नावाची फाइल आहे, त्यात बूट होताना कुठली कुठली पार्टिशन जोडायची ते लिहिलेलं असतं. त्यातल्या एखाद्या ओळीत असा डिस्क नंबर आहे जो आता अस्तित्वात नाही, म्हणून सिस्टमडी (बूट होताना सगळं सुरू करणारं सॉफ्टवेअर) त्याची ९० सेकंद वाट बघतं आणि मग सोडून देतं. तुम्ही पार्टिशनमध्ये नंतर काही बदललंत का? स्वॅप, म्हणजे रॅम भरली की वापरायची डिस्कवरची जागा, परत फॉरमॅट केलं की त्याचा नंबर बदलतो, नव्व्याण्णव टक्के तेच असतं. टर्मिनलमध्ये रूट होऊन बीएलकेआयडी चालवा, ते खरे नंबर दाखवेल, एफएसटॅबमधल्याशी ताडून बघा, स्वॅपच्या ओळीत जो जुळत नाही तो बदला.

आता गोठण्याचं. या बे ट्रेल चिपची ही जुनी आणि सगळ्यांना माहीत असलेली अडचण आहे, प्रोसेसर खोल झोपेच्या अवस्थेत जातो, सी-स्टेट म्हणतात, आणि तिथून उठताना कधी कधी उठतच नाही. उपाय म्हणजे त्याला खोल झोपू द्यायचं नाही. ईटीसीच्या आत डिफॉल्ट, त्यात ग्रब नावाची फाइल, त्यात क्वाएट लिहिलेली ओळ आहे, क्वाएटच्या पुढं एक स्पेस सोडून इंटेल अंडरस्कोर आयडल, मग टिंब, मग मॅक्स अंडरस्कोर सीस्टेट, मग बरोबरचं चिन्ह आणि १, हे सगळं सलग, इंग्रजीत. सेव्ह करून अपडेट-ग्रब चालवा. बॅटरी थोडी लवकर उतरेल, ते खरंय. पण लगेच करू नका. आधी दोन-चार दिवस बघा, कारण २ जीबीत ब्राउझरच्या टॅब जास्त झाल्या की रॅम भरूनही मशीन असंच गोठल्यासारखं दिसतं. रॅम भरली असेल तर माउस रखडत का होईना कधीतरी हलतो, थोड्या वेळाने सुटतं. सी-स्टेटवालं मात्र एकदम दगड होतं, लेक्चरचा आवाज चालू असेल तर तोपण तुटतो किंवा एकाच सुरात अडकतो.

तुमचं कुठलं होतं?

पेठेतला_अभ्यासू:

सर, एकाच सुरात भुंगा लागल्यासारखा आवाज अडकला होता.

हो, स्वॅप मी नंतर मोठं करायला गेलो होतो, एक व्हिडिओ बघून. तेच असणार. तुम्हाला कसं कळलं काय माहीत.

जुनं_ते_चालू:

मग सी-स्टेटवालं करून टाका. आणि स्वॅप ईएमएमसीवर मोठं करून फार फायदा नाही, ती चिप हळू आहे आणि सारखं लिहीत राहिलं तर तिचं आयुष्यही कमी होतं. त्यापेक्षा झेडरॅम-टूल्स नावाचं पॅकेज टाका. ते रॅमचाच एक भाग घेऊन त्यात कमी वापरातला डेटा दाबून बसवतं, २ जीबीच्या मशीनला खरोखर आधार होतो. तरी एका वेळी चार-पाच टॅबच्या वर जाऊ नका, आणि लेक्चर ४८० वर बघा, ११ इंचावर पुरतं.

लॅबवाली_ताई:

अभ्यासू, टायपिंगचं विसरू नकोस, त्यासाठीच तर घेतलास ना. कीबोर्ड सेटिंगमध्ये जाऊन इंडियन भाषांमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट लेआउट जोड. पण तुझ्या कौशल्य चाचणीला कुठला लेआउट चालतो ते जाहिरातीत नीट वाच आणि तोच पक्का कर, बोटांना एकाची सवय लागली की दुसरा जड जातो. अक्षरं चौकोनी दिसली तर फॉन्ट्स-लोहित-देवा नावाचं पॅकेज टाक.

पेठेतला_अभ्यासू:

सगळं केलं. एफएसटॅबमध्ये स्वॅपचाच नंबर वेगळा होता. आता पॉवर बटण दाबल्यापासून डेस्कटॉप यायला ४० सेकंद लागतात, मोबाइलवर घड्याळ लावून तीनदा बघितलं. तीन दिवस झाले, गोठलं नाहीये. बॅटरी साधारण तीन तास जाते, अभ्यासिकेत प्लग आहे त्यामुळे अडचण नाही.

हे मराठी त्याच लॅपटॉपवरून टाइप करतोय, स्पीड अजून कमी आहे, ३० पर्यंत न्यायचंय.

माझ्या शेजारच्या कॉटवरच्या मित्राकडंपण असलाच एक पडून आहे, त्याचा पेनड्राइव्ह दिसत नाही म्हणून त्याने कपाटात टाकून दिला होता. आज रात्री आम्ही दोघं बसतोय त्यावर.

लॅबवाली_ताई:

बसा. आणि त्याच्या मशीनवर इन्स्टॉल व्हायच्या आधी पेनड्राइव्ह काढू नका रे, आमच्या एका मुलाने काढला होता.